घर विकणे आहे

घर विकायला काढलं की ती राहायची वस्तू राहत नाही, दाखवायची वस्तू होते. आणि दाखवायची म्हटली की कुणीतरी दारात उभा राहून सांगायला लागतो, हे दाखवू नका, ते झाका, ते काढून आत ठेवा. आमचं कळंब्याचं घर आम्ही ह्या वर्षी विकलं. विकलं ते नीट विकलं, रडतभेकत नाही. पण त्यापायी सूतगिरणीत माझे अकरा खाडे पडले, आणि त्या अकरा दिवसांत जे बघितलं ते तिसऱ्या पाळीला रिंग फ्रेमपुढं उभं राहिल्यावर डोक्यात फिरत राहिलं. म्हणून लिहितोय.

मित्रांनो, घराबद्दल आपण पुष्कळ लिहिलंय. गळकं छप्पर, आईची चूल, गावाबाहेरची वस्ती. मीही लिहिलंय. माझ्या एका कवितेत हेच घर पावसाळाभर रडतं. ती कविता गिऱ्हाइकाच्या हातात पडली असती तर त्यानं आणखी लाखभर पाडून मागितलं असतं. पण असलं घर विकायची पाळी आली तर कुठला कागद लागतो, भाव कोण पाडतं, कशावरून पाडतं, ह्यावर आपल्यापैकी कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आपल्याकडं विकण्याजोगं घर असणं हीच मुळात नवी गोष्ट. तेव्हा ही कविता नव्हे, हिशेब आहे.

कळंबा कोल्हापूरच्या दक्षिणेला. कागदावर कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर. बाहेरच्या माणसाला कळंबा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि जेल. तिसरी गोष्ट म्हणजे आम्ही, आम्हाला कोण आठवतंय. माझा आजा शाहू मिलमध्ये होता. शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली ही मिल २००३ साली बंद पडली. आजा त्याच्या आधीच निवृत्त झालेला. मिलच्या पगारातनं त्यानं १९७४ साली हे घर बांधलं. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढं सोपा, मागं माजघर, त्याच्यामागं परडं. जागा गुंठ्याला थोडी कमी, नऊशे चौरस फूट.

तेव्हा आजूबाजूला ऊस होता म्हणतात. आता अपार्टमेंट आहेत. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली, त्यानंतर वर्षानुवर्षं हद्दवाढीची नुसती चर्चा चालली. पण शहर हद्द विचारून वाढत नाही. ते आपोआप कळंब्याकडं सरकत आलं आणि जिथं कुणी फुकट राहायला तयार नव्हतं तिथं फुटावर भाव सुरू झाला.

बा २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. चुलता पुण्याला. आत्ती निपाणीकडं दिलेली. माझी आक्का इचलकरंजीत. घरात मी आणि आई. चुलत्याला त्याचा वाटा पाहिजे होता, त्यात त्याचं काही चुकीचं नव्हतं. त्याला पैसे देऊन घर ठेवून घ्यायची माझी ऐपत नाही. सायडरचा पगार तो केवढा. आई म्हणत होती, बांधलेलं घर विकू नये, अपशकुन असतो. मी म्हटलं, आई, आपण शकुन कधी सोडले? बाबासाहेबांनीसुद्धा विकलंय. राजगृह बांधलं त्याच सुमाराला त्यांनी मुंबईत चार मिनार नावाची दुसरी इमारत बांधली होती, ती १९४१ साली विकून टाकली. कर्ज फेडलं, पुस्तकं घेतली. राजगृह ठेवलं, कारण तिथं पुस्तकं होती. आईनं विचारलं, आपल्यात पुस्तकं किती हायत? मी मोजली. एका पेटीत बसत होती.

मग एजंट आला. चांगला माणूस, बोलायला गोड. घर फिरून बघितलं, परड्यातला पेरू बघितला, आणि पायरीवर बसून म्हणाला, "दादा, घर झ्याक हाय. पण गिऱ्हाईक दारात आलं की त्याला पयल्यांदा काय दिसतंय? निळं."

"मग?"

"मग काय. सोप्याला क्रीम कलर मारा. चौकटीवरची ती जयभीमची टाईल काढा. आणि ह्ये फोटो. फेकून द्या म्हणत न्हाई मी. पंधरा दिवस गुंडाळून पेटीत ठेवा. माझं काय न्हाई हो, मी सगळ्यांच्यात जेवतोय. गिऱ्हाईक बघतंय."

हे "मी सगळ्यांच्यात जेवतोय" म्हणणारे लोक तुम्हालाही भेटले असतील. आपल्यात जेवणं हा अजून त्यांच्या मोठेपणाचा दाखला आहे.

व्हॉट्सॲपवर टाकायची जाहिरातही त्यानंच लिहिली. त्यात वस्तीचं नाव नव्हतं. "कळंबा तलावानजीक, शांत परिसर, स्वतंत्र घर." मी म्हटलं, तलाव इथनं दिसत नाही. तो म्हणाला, "नजीक म्हटलंय, दिसतोय म्हटलेलं न्हाई." राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा असली वस्त्यांची नावं बदलायची आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. निर्णय चांगलाच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण गिऱ्हाईक भीमनगर वाचलं तरी तेच समजतंय जे पूर्वी समजत होतं. म्हणून एजंटानं नवं नावही काढून टाकलं आणि तिथं तलाव लिहिला. नाव बदलायचं काम सरकारनं जिथं सोडलं तिथनं बाजारानं पुढं नेलं.

आई एवढंच म्हणाली, "भिंत रंगवायची तर रंगव. बाबासाहेब हलणार न्हाईत." टाईलही हलली नाही.

ही फोटो उतरवायची कला कळंब्यातल्या एजंटानं काढलेली नाही. घर विकताना मालकाच्या खुणा पुसाव्यात, म्हणजे येणाऱ्याला ते आपलं वाटतं, असं जगभर सांगतात. ऐकायला सरळ वाटतं. पण कुणाच्या खुणा पुसल्या की भाव वाढतो, ते बघा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन सिटी म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका काळ्या जोडप्यानं कर्जाच्या कामासाठी २०२० साली आपल्या घराची किंमत ठरवून घेतली. आली ९ लाख ९५ हजार डॉलर. त्यांना पटेना. त्यांनी घरातले आपले फोटो काढले, आपल्या एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून घरात बसवलं, आणि दुसऱ्या माणसाकडनं किंमत करून घेतली. त्याच घराची आली १४ लाख ८२ हजार ५०० डॉलर. मधल्या काळात भिंतीची वीट बदललेली नव्हती, फक्त भिंतीवरचे चेहरे बदलले. ते कोर्टात गेले, २०२३ साली तडजोड झाली. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्यांच्याकडनं घेतलं. भिंतीवरचा फोटो उतरवायचा सल्लाही दोघांना सारखाच मिळतो, हे बघून मला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं.

आणि आता उलटं बघा. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. बाबासाहेब शिकत असताना १९२१-२२ मध्ये तिथं राहिले. ते घर विकायला निघालं आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घेतलं, तीस लाख पौंडांहून जास्त मोजून. त्या घराच्या भिंतीवर काय आहे? निळी पाटी. बाबासाहेब इथं राहिले असं सांगणारी. त्या निळ्या पाटीमुळं घराला गिऱ्हाईक मिळालं, आणि कळंब्यात निळ्या टाईलमुळं गिऱ्हाईक कोपऱ्यावरनं परत जातंय. अर्थात लंडनच्या शेजाऱ्यांनीही तक्रार केलीच. इथं संग्रहालय नको, गर्दी होते, ही राहायची वस्ती आहे, असं. तिथल्या नगरपालिकेनं परवानगी नाकारली, ती शेवटी २०२० साली वरनं मिळाली. शेजारी सगळीकडं शेजारीच.

असो. घराची तयारी आम्ही केली, पण आमच्या पद्धतीनं. जे खरंच बिघडलं होतं ते दुरुस्त केलं. सोप्यावरची फुटकी कौलं बदलली. पश्चिमेच्या भिंतीला ओल येत होती, गवंड्यानं सांगितलं की नुसता रंग मारला तर एका पावसात फुगून येईल. मग गिलावा खरवडून नवा केला. मोरीचं सांडपाणी परड्यात साचायचं, त्याला पाईप टाकून गटारीला जोडलं. वायरिंग जुनं होतं, ते बदललं. घरफाळा आणि पाणीपट्टी दोन वर्षांची थकलेली होती, ती भरून पावत्या एका फाईलला लावल्या. लाईट बिल अजून आजाच्या नावानं येत होतं. सगळे मिळून ९० हजार गेले. त्यातले निम्मे मी गिरणीतल्या पतपेढीतून उचलले. रंग मात्र निळाच दिला. थोडा फिका, कारण गडद निळ्यात खोली लहान दिसते, असं रंगाऱ्याचं मत पडलं, आणि ते मला पटलं.

साफसफाईत आजाची पेटी निघाली. त्यात मिलचा पास, लाकडी बॉबिन, आणि 'प्रबुद्ध भारत'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा. वरनं शाबूत दिसत होता, उचलला तर खालनं वाळवीनं पोखरलेला. हातात नुसती माती आली. ज्या घरी असे गठ्ठे असतील त्यांनी आज रात्री उघडून बघा, एवढंच सांगतो.

बघायला लोक आले. पहिले तिघे कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर "ही कुणाची वस्ती" विचारून तिथनंच परतले, ते गाडेवाल्यानं आम्हाला संध्याकाळी सांगितलं. पुढचे आत आले. एक जण फोटोकडं बघत पाणी नको म्हणाला. आईनं आणलेला तांब्या तिच्याच हातात राहिला. दुसरा म्हणाला, "घर पाडूनच बांधणार, पण शेजार बघायला लागतोय." आणि २२ लाख म्हणाला. मग एक २४ म्हणाला, एक २५. रस्त्याच्या पलीकडं त्याच मापाचं, आमच्यापेक्षा जुनं घर सहा महिन्यांपूर्वी ३६ लाखाला गेलेलं. मी नोंदणी कार्यालयात जाऊन वार्षिक मूल्यदराचा तक्ता बघून आलो, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरकारी दर एकच. त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. तो रकाना गिऱ्हाईक घरनं भरून आणतंय. छत्तीसातनं पंचवीस गेले, राहिले अकरा. अकरा लाख ही आमच्या रस्त्याची रुंदी.

एकाचा वकील कागद बघायला आला. नमुना आठवर आडनाव वाचलं आणि पहिला प्रश्न, "जागा वतनाची न्हाई न्हवं?"

त्याच्या प्रश्नात तथ्य काहीच नव्हतं असं नाही, म्हणून हे सविस्तर सांगतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं आणि जमिनी लोकांच्या नावावर रयतावा केल्या. तिकडं मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, ते पास झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, जो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. त्या कायद्याखाली परत मिळालेल्या जमिनीला नव्या शर्तीचा दोर असतो. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं असतं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. विकली तर शर्तभंग, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. आपल्या कित्येक लोकांनी ह्या जमिनी साध्या स्टँपवर मातीच्या मोलानं लिहून दिल्या आणि घेणाऱ्यांनी त्यावर बंगले बांधले. तुमच्या घरात असला सातबारा असेल तर विकण्याआधी, आणि कुणी विकत मागायला आलं तर त्याच्या चहाआधी, तो नीट वाचा. सरकारनं दिलेल्या घरकुलाचंही तसंच, त्याच्या मंजुरीच्या कागदावरच्या अटी बघितल्याशिवाय बोलणी करू नका.

आमची जागा गावठाणातली. वतनाशी तिचा संबंध नाही. वकिलाला मी कागद दाखवले, त्यानं मान डोलावली. पण जमिनीचा प्रकार त्यानं आडनावावरनं ओळखला होता, कागदावरनं नाही. पलीकडच्या गल्लीत हा प्रश्न तो विचारतो का, हे मी त्याला विचारलं. तो हसला आणि त्यानं चष्मा पुसला.

बाहेरच्यांचं झालं. आता घरातल्यांचं.

नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नव्हे, आणि त्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असंही नव्हे. आमच्यात उताऱ्यावर आजाचंच नाव होतं. आजा २००९ ला गेला, आज्जी २०१४ ला, पण वारस नोंद कुणी केलीच नव्हती. आपल्यात ती करायची पद्धतच नाही. माणूस मेला की तिसरा दिवस करतात, पुण्यानुमोदन करतात, उतारा करत नाहीत.

चुलता पुण्याहून आला तो पाचशेचा स्टँप घेऊनच. त्यावर टाईप केलेलं, आत्ती आणि आक्का आपला हक्क राजीखुशीनं सोडतायत. बदल्यात साडीचोळी. म्हणाला, "बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतंय." चुलता आमचा चळवळीतला माणूस. चौदा एप्रिलला स्टेजवर असतो. महाडच्या मनुस्मृती दहनावर तासभर बोलतो, आणि चांगलं बोलतो, मी लहानपणी त्याच्याकडनंच ऐकलंय.

मी म्हटलं, काका, आत्तीला विचारलंय का?

"तिला काय विचारायचं. ती न्हाई म्हणायची न्हाई."

तिथं मी थोडा जोरात बोललो. आत्ती बारा वर्षांची होती तेव्हा ह्या घराचं जोतं निघालं. गवंड्याला रोजानं माणूस लावायला पैसे नव्हते म्हणून आत्तीची शाळा सुटली, आणि तिनं पावसाळा लागायच्या आत सगळी वाळू, सगळं पाणी डोक्यावरनं आणलं. काका तेव्हा पाळण्यात होता. ह्या घरात ज्यांचा घाम आहे त्यांच्यातलं जिवंत माणूस आता एकच, आणि तिला चोळीवर गप्प करायचं.

मग कायद्याचं सांगितलं. काही पोरं मला विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा? लागतो. कायद्यातच लिहिलंय की तो बौद्ध, जैन, शीख ह्यांनाही लागू. नाव खुपतं, खुपू दे. पण त्यात बाईला जे मिळालं त्याची मुळं कुठं आहेत ते आठवा. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले, त्यातला हा एक. जून १९५६ मध्ये लागू झाला, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला आपण धम्म घेतला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि सगळ्या देशात २००५ ला मिळाला, ते आणखी वेगळं. पण आजाचं घर त्याच्या स्वतःच्या कमाईचं. त्यानं मृत्युपत्र केलेलं नाही. अशा मिळकतीत मुलाला आणि मुलीला सारखा वाटा १९५६ पासूनच आहे.

आमचा हिशेब असा पडला. आजाची तीन लेकरं, तीन वाटे. एक चुलत्याचा, एक आत्तीचा, एक बा चा. बा च्या वाट्याचे परत तीन, आई, आक्का, मी. म्हणजे घराचे नऊ भाग. चुलत्याला तीन, आत्तीला तीन, आम्हा तिघांना एकेक. आत्तीचा वाटा माझ्या तिप्पट. हे कागदावर मांडलं तेव्हा चुलता माझ्याकडं बघतच राहिला, कारण हक्कसोड झाली असती तर फायदा माझाही होता.

वकिलानं आणखी एक सांगितलं, जे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. हक्कसोडपत्र नुसत्या स्टँपवर सही करून होत नाही, ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराचा व्यवहार नोंदणीशिवाय पक्का होत नाही, हा १९०८ चा कायदा आहे. तेव्हा चुलत्याचा स्टँप तसाही पाचशे रुपयांचा कागदच होता.

आत्तीला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या पोराला सांगू नका अजून." एवढंच. चार दिवसांनी ती वारस नोंदीच्या अर्जावर सही करायला एसटीनं एकटी आली. चुलत्यानंही सही केली. तो त्या दिवशी जेवला नाही, पण सही केली, हे त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

गिऱ्हाईक शेवटी एजंटाच्या बाहेरनं मिळालं. गल्लीतल्या आशा सेविकेनं सांगितलं की तिच्या ओळखीची एक नर्स घर शोधतेय. आपल्यातलीच, सरकारी नोकरी, नवरा शिक्षक. त्यांनी शहरात दोन ठिकाणी फ्लॅट बघितलेला. एका ठिकाणी टोकन घेतलं आणि आधार कार्ड बघितल्यावर परत दिलं. दुसऱ्या ठिकाणी सोसायटी शाकाहारी निघाली. बाई म्हणाली, "आम्ही पण अंडंसुद्धा खात न्हाई, पण ते त्यांनी विचारलंच न्हाई." १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना घर मिळालं नाही हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. हिला ह्याच वर्षी मिळालं नाही, हे कुणाच्या भाषणात आलेलं नाही.

त्या बाईनं आमचं घर जसं बघितलं तसं आधी कुणी बघितलं नव्हतं. फोटोला हात जोडले आणि लगेच मोरीत गेली. पाईपला उतार किती ते पाण्याची बादली ओतून बघितलं. पश्चिमेच्या भिंतीवर हाताची पालथी बाजू लावली. मीटरचा फोटो काढला. पेरू कुठला विचारलं. मग सोप्यात बसून २९ लाख म्हणाली. मी ३४ म्हटलं. ती म्हणाली, "पलीकडं ३६ ला गेलं ते मला म्हाईत हाय. तुम्हाला ह्या बाजूला कोण ३४ देतंय?" मला राग आला आणि तिचं खरंही होतं. आम्हाला पलीकडचा भाव मिळत नाही, तिला पलीकडं घर मिळत नाही, आणि आम्ही दोघं अलीकडं बसून त्या फरकावर घासाघीस करत होतो. आई मधे पडली. ३१ लाख ५० हजारावर तुटलं. नऊ भागांत सारखं जातं, हेही मी मनात धरलं होतं.

घर बाईच्या एकटीच्या नावावर झालं. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तिनं सूट म्हणूनच तसं केलं की आणखी काही मनात होतं, मी विचारलं नाही. नोंदणीच्या दिवशी विकणारे आम्ही पाच जण. अंगठा आता सगळ्यांचाच मशीनवर घेतात, साहेबाचा असो की शेतमजुराचा. पण सहीच्या वेळेला समोरच्यानं आत्तीकडं बघितलं आणि शाईचा पॅड पुढं केला. आत्ती म्हणाली, "पेन द्या." सातवीपर्यंतची सही, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. वेळ लागला. मागची रांग खोळंबली, आणि आत्तीनं खोळंबू दिली.

वाटप असं झालं. आधी दुरुस्तीचे ९० हजार वजा केले, म्हणजे भागाला दहा हजार. राहिले भागाला ३ लाख ४० हजार. चुलत्याला १० लाख २० हजार, आत्तीला १० लाख २० हजार, सगळे बँकेतनं, खात्यावर. आत्तीचं एकटीच्या नावाचं खातं नव्हतं, ते आधी काढलं. तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरनं आला, हे आक्काकडनं कळलं. आत्तीनं त्याला जेवायला घातलं आणि पासबुक कुठं आहे ते सांगितलं नाही. आईचे आणि माझे मिळून ६ लाख ८० हजार. त्यातनं पतपेढी फेडली. एवढ्यात कोल्हापुरात जागा येत नाही, म्हणून सध्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. खोली दाखवताना मालकानं आडनाव विचारलं. सांगितलं. त्यानं दोन महिन्यांऐवजी चार महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, आईनं दिलं.

किल्ली दिली त्या दिवशी फोटो आईनं स्वतः उतरवले आणि साडीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतले. टाईल चौकटीवरच राहिली, ती सिमेंटात बसवलेली आहे. नर्सबाईचा आठवड्यात दोनदा फोन आला. पहिल्यांदा विचारत होती, पाणी कधी येतं. आईनं सांगितलं, एक दिवसाआड, पहाटे, आणि पहिली दहा मिनिटं गढूळ येतंय, ती सोडून द्यायची. दुसऱ्यांदा सोप्याच्या कडीचं विचारलं. आई म्हणाली, ती कडी अशी बसत न्हाई, दार जरा वर उचलून ढकलायचं, मग लागती.